बाराऐवजी सहा

आलेख जरा जास्तच चांगला आला होता. मला पहिली शंका तिथंच यायला हवी होती. आली नाही असं नाही, पण ती मी बाजूला सारली.

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. निरवांगीहून पुण्याला शिकायला गेलेली मी एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होते. आमच्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर माणसाहून उंच, पांढरं, मोठ्या पिंपासारखं दिसणारं एक चुंबक होतं. त्याच्या पोटात पेन्सिलीहून बारीक काचेची नळी सोडायची. ज्या पदार्थाची रचना समजून घ्यायची तो पदार्थ नळीत पाण्यात किंवा दुसऱ्या एखाद्या द्रवात विरघळवलेला असायचा. मग बाहेरून रेडिओलहरींचा एक ठोका द्यायचा, त्यानं पदार्थातले अणू वळवायचे आणि ते काय उत्तर देतात ते ऐकायचं. त्या ठोक्याला आम्ही पल्स म्हणायचो आणि तो पल्स घडवणं हेच माझं काम होतं.

अडचण अशी होती की पदार्थातल्या प्रत्येक कार्बनचा सूर वेगळा असतो. चुंबक जितकं जोरदार, तितके हे सूर एकमेकांपासून लांब जातात. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना एकदम गाठायचं तर साधा ठोका फार ताकदीनं द्यावा लागतो, आणि इतकी ताकद लावली की नळीतलं पाणी तापतं. म्हणून मी असा पल्स शोधत होते जो हळूच चढेल, सगळ्या सुरांवरून सरकत जाईल आणि हळूच उतरेल. जोर कमी, पण सुटणार कुणीच नाही. दीड वर्ष मी संगणकावर वेगवेगळे आकार काढून बघत होते. एक आकार तपासायला संगणक तासभर घुरघुरायचा, आणि मी बाजूला बसून नखं खायची.

शेवटी एक आकार जमला. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेल्या एका साध्या रसायनावर मी तो लावून बघितला. माझ्या हिशेबानुसार दोन्ही टोकांना तो थोडा ढासळायला हवा होता. तो ढासळला नाही. आलेखात टोकापासून टोकापर्यंत प्रत्येक सुराचं शिखर एकाच उंचीचं उभं राहिलं. माझे मार्गदर्शक सर पाठीमागे येऊन बराच वेळ आलेखाकडं बघत राहिले.

"हिशेबापेक्षा चांगलं आलंय," ते म्हणाले.

"हो सर."

"कसं काय?"

 उत्तराची वाट न बघता ते हसून निघून गेले. हिशेबापेक्षा वाईट आलं असतं तर मी चार रात्री जागून चूक शोधली असती. चांगलं आलं म्हणून मी कागद घडी करून वहीत ठेवला.

प्रयोगशाळेत माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी एक मुलगी होती. मी तिला ताई म्हणायची. ती एका प्रथिनाची रचना शोधत होती. परदेशातून मागवलेली, खास जड कार्बनची साखर खाऊ घालून तिनं जिवाणू वाढवले होते आणि त्यांच्यातून थेंबभर प्रथिन वेगळं केलं होतं. ती साखर संपली होती. पुन्हा मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ताईची फेलोशिपही पावसाळ्याच्या आधी संपणार होती. तिच्याजवळ एकच नळी उरली होती. फ्रिजमध्ये ती मागच्या बाजूला, स्वतःच्या रुमालात गुंडाळून ठेवायची.

माझा आलेख बघून ती म्हणाली, "बुधवारी दुपारपासून मला यंत्र मिळालंय. जुन्या पद्धतीनं माझ्या प्रथिनाला ताप चढतो. तुझाच पल्स लावते."

"अजून पाण्यातल्या नमुन्यावर बघितला नाही, ताई."

"कधी बघणार? मला पुन्हा तारीख मिळणार नाही."

मी तिला चिठ्ठी लिहून दिली. पल्सच्या फाइलचं नाव, किती वेळ, आणि यंत्राची पूर्ण ताकद किती खाली आणायची तो आकडा. सहा डेसिबेल.  

त्याच संध्याकाळी निरोप आला की आईच्या डोळ्याचं ऑपरेशन बारामतीत ठरलंय. मी निघाले.

ऑपरेशन नीट झालं. मंगळवारी आम्ही आईला निरवांगीला घरी आणलं. डोळ्यावर हिरवं फडकं, दर दोन तासांनी थेंब. उन्हाळा असा होता की वस्तीतल्या विहाराच्या पायऱ्यांवर सकाळी नऊनंतर पाय टेकवत नव्हता. वारा पडलेला. आभाळ निळं नव्हतं, पिवळट होतं, आणि कुठंतरी लांबवर धूळ उभी राहिल्यासारखी दिसायची. आई पडल्या पडल्या दोनदा म्हणाली, "आज काय तरी इपरीत वाटतंय गं." मी म्हटलं, डोळा झाकलाय म्हणून वाटत असेल.

माझे वडील, तात्या, साखर कारखान्यात पॅनवर होते. मोठ्या बंद भांड्यात उसाचा रस वाफेवर आटवून साखरेचा दाणा पाडायचं त्यांचं काम. पंचवीस वर्षं ते केलेलं. सीझन संपला होता, म्हणून घरीच होते. बुधवारी सकाळी लिंबाखाली बाजेवर बसून ते माझ्या कागदांची लांबलचक पट्टी उलगडून बघत होते. कडेला भोकं असलेले ते छपाईचे कागद त्यांना फार आवडायचे.

"तुमच्या त्या यंत्रात जाळ असतोय व्हय?" त्यांनी विचारलं.

"जाळ न्हाय तात्या. रेडिओसारख्या लहरी. पण लई सोडल्या की नळीतलं पाणी तापतं."

"तापलं हे कळतंय कशावरनं?"

"थर्मामीटर हाय की."

"कुठं बसवलाय?"

"नळीच्या खाली. बाहेरच्या हवेत."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "म्हंजी तो हवा सांगतोय. आतला माल न्हाय सांगत."

त्यांनी हात पुढं करून दाखवलं.

"आमी पॅनमधला माल सळईनं काढतो, काचेवर घेतो, उजेडाला धरतो. दाणा डोळ्यानं बघितल्याबिगर वाफ वाढवत न्हाय. तुमचा माल कोण बघतंय?"

"बंद असतो तात्या. चुंबकाच्या पोटात."

"मग वाफ तरी बेतानं सोडत असाल. कशी कमी करता?"

"एक आकडा देतो. मला लहर चौथाईवर आणायची होती, म्हणून सहा दिला. सहाला चौथा हिस्सा होतो."

"चौथा हिस्सा कशाचा?"

"म्हंजी?"

"नळाचा का वाफेचा? नळ अर्धा फिरवला म्हंजी वाफ अर्धी व्हत न्हाय, पोरी. नवीन माणूस हितंच फसतो."

ते सहज बोलले. त्यांना डेसिबेल माहीत नव्हतं आणि माझी चूक पकडायची तर त्यांची इच्छाही नव्हती.  पण मी त्यांच्या मांडीवरचा कागद ओढून घेतला, उलटा केला आणि पेन्सिलीनं मांडणी केली. सहानं ताकद चौथाई होते, लहरीची उंची मात्र अर्धीच होते. मला उंची चौथाई करायची होती. त्यासाठी बारा हवे होते. मी बाराऐवजी सहा लिहून दिले होते. ताईच्या नळीत चौपट ताकद जाणार होती.

आणि आलेख इतका चांगला का आला होता तेही त्याच क्षणी कळलं. जास्तीच्या जोरानं टोकाचे अणूसुद्धा वळले होते. क्लोरोफॉर्म या लहरींनी फारसं तापत नाही, म्हणून तिथं काही बिघडलं नाही. ताईचं प्रथिन खारट पाण्यात होतं. खारट पाणी तापतं. आणि ते प्रथिन चाळीस अंशांच्या वर टिकत नाही, हे ताईनंच मला कितीदा सांगितलं होतं.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, फोन करायला पायजे. आत्ता."

साडेदहा झाले होते. यंत्र ताईला बाराला मिळणार होतं.

ग्रामपंचायतीत फोन होता. शिपायानं रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला. आत काहीच नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही. "रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलीय," तो म्हणाला. "तीन दिवस झालं." शेजारच्या काकूंना आईच्या डोळ्यात थेंब घालायला सांगून तात्या माझ्याबरोबर निघाले. मी नको म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नाही. निमगाव केतकीची जीप भरेपर्यंत चालवणारा हलेना. तात्या त्याला म्हणाले, "आरं, पोरीचं काम हाय, काढ की." त्यानं काढली, पण वाटेत प्रत्येक फाट्यावर थांबवली. मी घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला बघत राहिले.

निमगाव केतकीला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. एसटीडीच्या दुकानदारानं हात हलवला. "हितंबी तीच लाइन हाय बाई. इंदापूरला जावा." दुकानासमोर आमच्यासारखीच चार माणसं उभी होती. एकाच्या घरी मयत झाली होती आणि मुंबईच्या भावाला कळवायचं होतं. तो नुसता फोनच्या डबड्याकडं बघत होता. त्याच्यापुढं माझं काम सांगायची मला लाज वाटली.

इंदापूरच्या एसटीत उभं राहायला जेमतेम जागा मिळाली. आता ती लांबची धूळ जवळ आली होती. रस्त्याच्या कडेची झाडं तांबूस दिसत होती आणि भर दुपारी ड्रायव्हरनं दिवे लावले. गाडीतलं बोलणं हळूहळू थांबलं. मी मनात आकडे मांडत होते. बाराला नळी आत. अर्धा तास जुळवाजुळव. साडेबाराला प्रयोग सुरू. चौपट ताकद, दर सेकंदाला एकदा. पाणी किती चढेल? वीस अंश? पंचवीस? मला नेमकं काढता येईना. कधी तरी तो हिशेब मी करायला हवा होता, आणि दीड वर्षात तो एकदाही केला नव्हता.

"तुझ्यावर येईल का हे?" तात्यांनी हळू आवाजात विचारलं.

"माझीच चूक हाय तात्या."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. आमच्या घरातून इतकं शिकलेली मी पहिलीच. ते एसटीत कुणालाही सांगायचे की मुलगी पुण्यात मोठ्या यंत्रावर आहे. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या माणसाला काही सांगितलं नाही.

इंदापूरच्या स्टँडजवळ बूथ मिळाला तेव्हा दोनला पाच कमी होते. पहिल्यांदा नुसती घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदाही. बाहेर वावटळीनं पत्रे वाजत होते. तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला. यंत्र सांभाळणारे काका होते.

"काका, ताई कुठं आहेत?"

"जेवायला गेल्यात. प्रयोग लावून गेल्यात, रात्रभर चालणार म्हणाल्या."

"किती वेळ झाला लावून?"

"झाला की तास-दीड तास."

"काका, बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"असं कसं बंद करू? त्यांचा नंबर आहे आज."

"नळी तापतेय आत."

"नाही हो मॅडम. मी आत्ताच बघून आलो. तापमान पंचवीस. काटा हललेला नाही."

मी तात्यांचंच सकाळचं बोलणं सांगितलं. "काका, तो काटा बाहेरच्या हवेचा आहे. आतलं तुम्हाला दिसत नाही. तापलं की शिखरं सरकतात. पडद्यावर बघा, सुरुवातीच्या जागेवर आहेत का सरकलीयत?"

ते गेले. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग त्या खोलीतला पंपाचा लयीतला ठक-ठक आवाज. तो मला इतका ओळखीचा होता की डोळे मिटले तर मी तिथंच होते. काका परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"सरकलीत. आणि बरीचशी दिसतच नाहीत."

"बंद करा काका. जबाबदारी माझी. वहीत माझं नाव लिहा."

त्यांनी बंद केलं. मी पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन केला. या वेळी ताईनं उचलला.  ती म्हणाली, "बाहेर काढलीय. दुधासारखी पांढरी झालीय."

मला अंडं उकडताना बघितल्यासारखं दिसलं. एकदा पांढरं झालेलं पुन्हा पातळ होत नाही.

"ताई, आकडा बारा हवा होता. मी सहा लिहिला."

"हं," ती म्हणाली. एवढंच. मग फोन ठेवला.

मी बूथमधून बाहेर आले. माझ्या तोंडाकडं बघून तात्यांना कळलं. त्यांनी स्टँडवरच्या टपरीवरून पाणी आणलं आणि म्हणाले, "उद्या जाऊ नगंस. आजच जा. लांबवलं की पाय उचलत न्हाईत." मी अंगावरच्या कपड्यांनिशी पुण्याच्या गाडीत बसले. ते खिडकीखाली उभे राहिले. गाडी हलताना म्हणाले, "आमच्याबी हातनं पॅन जळालाय. सायबाला जाऊन सांगितलं व्हतं. सांगायला तेवढं चुकू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई प्रयोगशाळेत माझ्या आधी आली होती. नळी खिडकीपाशी उजेडाला धरून ती बघत होती. आत पांढरे धागे तरंगत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी पण बघितलं नाही," ती म्हणाली. "सुरुवातीलाच शिखरं थोडी सरकली होती. मला वाटलं, नवीन पल्स आहे, असं होत असेल. तुझ्यावर विश्वास ठेवला ना."

ते वाक्य तिनं रागानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते मला आतपर्यंत गेलं.

सरांसमोर मी सगळं सांगितलं. यंत्राच्या वहीत माझ्या हातानं चूक लिहिली, आकड्यासकट, आणि खाली सही केली. सर रागावले, पण माझ्यावर कमी आणि स्वतःवर जास्त. "चांगलं आलं तेव्हाच मी विचारलं होतं," ते म्हणाले. "विचारून सोडून दिलं."

ताईच्या प्रबंधात एक प्रकरण कमी राहिलं. पदवी तिला मिळाली, पण ती रचना तिच्या नावावर लागली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या देशातल्या कुणीतरी ती छापली. ती एका औषध कंपनीत नोकरीला लागली. माझ्याशी ती शेवटपर्यंत नीट वागायची, चहालाही हाक मारायची. पण माझ्या हातची चिठ्ठी तिनं पुन्हा कधी घेतली नाही.

मी पल्सचं काम पुन्हा पहिल्यापासून मांडलं. आधी मी संगणकाला एवढंच विचारायची की सगळे अणू वळले का. आता दुसरी अटही घातली: त्यासाठी नळीत किती ताकद ओतली गेली? ठरवलेल्या मर्यादेच्या वर जाणारा आकार कितीही सुंदर दिसला तरी प्रोग्रॅमनं तो टाकून द्यायचा. त्यामुळं कितीतरी छान आकार गेले. जो उरला तो दिसायला साधा होता, टोकाला थोडा ढासळायचा, अगदी हिशेबात होता तितकाच. तो मी आधी मिठाच्या पाण्यावर लावला. पाण्याच्या शिखराच्या सरकण्यावरून आतलं तापमान मोजलं. दोन अंश चढलं. मी दिवसभर तेच पुन्हा पुन्हा मोजत बसले. काका म्हणाले, "झालं की मॅडम, आता किती वेळा बघणार?" मला थांबता येईना.

प्रबंध पूर्ण झाला, परीक्षक खूश झाले. पण त्याच दिवसांत सर एकदा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला होता; इतक्या उशिरा त्यांना एक गोष्ट आठवली होती. त्या पहिल्या आलेखाच्या आठवड्यात बाहेरगावच्या दोन प्रयोगशाळांमधले लोक संस्थेत येऊन गेले होते. मी तेव्हा बारामतीत होते. सरांनी उत्साहानं त्यांना पल्सची फाइल फ्लॉपीवर दिली होती आणि माझ्या वहीतला आकडाही.

त्याच दुपारी मी दोन पत्रं लिहिली. मोठ्या अक्षरात, वरच लिहिलं की सहा नको, बारा. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली. एका ठिकाणाहून आठ दिवसांत उत्तर आलं, आम्ही अजून वापरला नव्हता, आभार. दुसऱ्या ठिकाणची पोचपावती परत आली, त्यावर कुणाची तरी सही होती. उत्तर आलं नाही. मी पुन्हा लिहिलं. सरांनी फोन केला, तर कळलं की फाइल नेणारा माणूस ती जागा सोडून गेला आहे आणि फ्लॉपी कुणाकडं आहे ते कुणालाच माहीत नाही.